तिळगुळाचं पाकीट आणि कागदाची घडी



आधी एक आवाज ऐका. माझ्या हातात कालचं वर्तमानपत्र आहे. ते मी वरून खाली फाडते. ऐकलंत? एका दमात, सरसर, आणि हातात आली ती सरळ पट्टी. आता तेच पान आडवं फाडते. हा आवाज अडखळत आला ना? पट्टी पण बघा, वाकडीतिकडी, कुत्र्यानं ओढल्यासारखी.

आज बोलायचंय घरी बनवलेल्या भेटकार्डांबद्दल आणि कागदाच्या लहानसहान भेटवस्तूंबद्दल. गडहिंग्लजला मी बरीच वर्षं चित्रकला शिकवली. मुलं कार्ड करायला बसली की पहिल्यांदा चमकीची डबी उघडायची, मग स्केचपेन आणि सर्वांत शेवटी कागद. घडी तर कुणी मनावरच घ्यायचं नाही. मला विचाराल तर कार्ड म्हणजे घडीच. ती नीट बसली की वर एक ओळ आणि एक ठिपका असला तरी भागतं. ती तिरकी गेली तर किलोभर चमकी ओतूनही कार्ड कलंडतं.

कापडाला उभा धागा, आडवा धागा असतो हे शिवणकाम करणाऱ्या प्रत्येकीला माहीत आहे. कागदालाही ते असतं. गिरणीत कागदाचा पातळ लगदा पळत्या जाळीवर सोडतात. जाळी ज्या दिशेनं पळते त्या दिशेला बहुतेक तंतू लांबीनं लागतात, ओढ्यात गवताच्या काड्या वाहताना लागतात तसे. म्हणून कागद एका बाजूनं सरळ फाटतो, दुसऱ्या बाजूनं हट्ट करतो. घडी तंतूंच्या दिशेनं घातली तर मऊ बसते. त्यांच्या विरुद्ध घातली तर जाड कागद कडेला तडकतो आणि आतला पांढरा भाग दिसायला लागतो. दिशा ओळखायला कागद फाडायची गरज नाही. तो दोन्ही बाजूंनी हलकासा वाकवून बघा. ज्या बाजूनं सहज वाकेल, ती घडीची बाजू.

हातकागदाला हा नियम फारसा लागत नाही. तिथं लगद्याच्या हौदात चौकट बुडवून वर काढतात आणि हलवतात, त्यामुळे तंतू चहूकडे पसरतात. पुण्याला शिवाजीनगरात हातकागद संस्था आहे. गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या प्रेरणेनं के. बी. जोशी यांनी ती १९४० साली सुरू केली. सुती चिंध्यांचा लगदा, जाड आणि खरखरीत पोत. असा कागद हातात घेतला की लिहायच्या आधी माणूस हात पुसतो. दौलताबादजवळ कागजीपुरा नावाचं गावच आहे. महंमद तुघलकानं राजधानी दौलताबादला हलवली तेव्हा कागद करणारी घराणी तिथं आली, असं मानतात.

भेटकार्ड ही विलायती गोष्ट, असं अनेकांना वाटतं. नाताळचं पहिलं छापील कार्ड लंडनमध्ये हेन्री कोल नावाच्या गृहस्थानं १८४३ साली काढलं, हे खरंच आहे. पण आपल्या घरातलं तिळगुळाचं पाकीट आठवा. छोटंसं कार्ड, त्यावर पतंग किंवा कलश, चार गोड शब्द आणि आत हलव्याचे चार काटेरी दाणे. परगावच्या काकांना, मुंबईच्या मावशीला ते टपालानं जायचं. मोठ्या माणसांच्या पाकिटात नमस्कार, लहानांच्या पाकिटात आशीर्वाद. वर्षभर कुणाशी अबोला असला तरी संक्रांतीचं पाकीट मात्र चुकत नसे. त्या एका दाण्यानं किती भांडणं मिटली असतील कोण जाणे. आपल्या गडहिंग्लजचं तर आणखी वेगळं. निम्मी सोयरीक कर्नाटकातल्या संकेश्वर, हुक्केरीकडची. तिकडं तिळगुळाला एळ्ळु-बेल्ल म्हणतात आणि बोलायचं तिकडंही गोडच असतं. कार्डावर एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला कानडी लिहिलं की ते दोन्हीकडच्या आजींना वाचता येतं.

तर चला, एक कार्ड करूया. जवळ कागद नसेल तर नुसतं ऐका, नंतर करा.

ए-फोर आकाराचा जाड कार्डशीट घ्या. स्टेशनरीच्या दुकानात अडीचशे जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला अडीचशे ग्रॅम भरेल असा, मागा. तो मधोमध कापून दोन तुकडे करा. एकात एक कार्ड. तुकड्याची लांबी साधारण २१ सेंटिमीटर, रुंदी १५ च्या आत. लांबीच्या मध्यावर, १०.५ सेंटिमीटरवर, घडीची रेघ येईल. रेघेवर पट्टी धरा आणि शाई संपलेलं बॉलपेन दाबून ओढा. खाच पडेल. आता इथं निम्मी माणसं चुकतात. ती खाच आत ठेवून कागद मिटतात. खाच बाहेरच्या बाजूला राहिली पाहिजे आणि तिच्या पाठीवर उमटलेला उंचवटा घडीच्या आत गेला पाहिजे. विश्वास बसत नसेल तर दोन तुकड्यांवर दोन्ही तऱ्हा करून बघा, बोटालाच कळेल.

आता उघडल्यावर पतंग उभा राहील असं करू. कार्ड मिटलेलंच ठेवा. घडीच्या कडेवर मधोमध दीड सेंटिमीटरच्या अंतरानं दोन चिरा द्या, प्रत्येक चीर दोन सेंटिमीटर लांब. कार्ड उघडा आणि त्या दोन चिरांमधली पट्टी बोटानं आत ढकला. कार्ड अर्धवट उघडं धरलंत की आत एक छोटी पायरी तयार झालेली दिसेल. पायरीच्या पुढच्या अंगाला कागदाचा पतंग चिकटवा. पतंग त्याच्या शेपटीसकट आठ सेंटिमीटरपेक्षा उंच नको, नाहीतर कार्ड मिटल्यावर तो बाहेर डोकावतो आणि पाकिटात घालताना पहिला तोच मोडतो. घडीला चिरा पडल्यामुळे बाहेरून भोक दिसेल. ते झाकायला मागून दुसरा रंगीत कागद लावा. लावताना पायरीला मात्र डिंक लागू देऊ नका.

चिकटवायला फेविकॉल चालतो, पण मला अजून खळच आवडते. एक चमचा मैदा अर्धी वाटी गार पाण्यात गुठळी न राहता कालवायचा आणि मंद आचेवर ढवळत राहायचं. पांढरेपणा जाऊन ती पारदर्शक झाली की उतरवायची. पूर्वी खळीत कसर लागू नये म्हणून मोरचूद टाकायचे. तिळगुळाच्या कार्डाला तो अजिबात नको, मोरचूद विषारी आहे. खळ पातळ लावा. जास्त लावली की कागद पाणी पितो, फुगतो आणि वाळताना आखडून पापडासारखा वळतो. म्हणून चिकटवून झालं की वर कोरा कागद ठेवून रात्रभर गव्हाच्या डब्याखाली दाबून ठेवायचं.

आता आतल्या हलव्यासाठी पुडी. यासाठी नवा कागद आणू नका. घराघरांत जुन्या लग्नपत्रिका पडून असतात. वर गणपती असतो म्हणून रद्दीत घालायला मन होत नाही आणि ठेवायला जागा नसते. गणपती जपून कापून बाजूला ठेवा, त्याचं पुढच्या कार्डावर काम आहे. पत्रिकेच्या आत असतो तो पातळ कागद पुडीला उत्तम. बारा सेंटिमीटरचा चौकोन कापा. कोपऱ्यावर कोपरा ठेवून त्रिकोण करा, लांब बाजू आपल्याकडे. उजवा कोपरा डाव्या उताराच्या मध्यावर आणा, डावा कोपरा उजव्या उताराच्या मध्यावर. वर दोन टोकं उरतील. पुढचं टोक पुढच्या खिशात खोचा. मागचं टोक म्हणजे झाकण. दाणे भरून तेही खोचून टाका. एकदा चौकोन कापला की डिंक नाही, कात्री नाही, दोरा नाही. अनिल अवचटांनी ‘मजेदार ओरिगामी’ नावाचं पुस्तक लिहिलं, त्यांच्यासारख्यांचा हाच तर आनंद, की एका चौकोनातून न कापता वस्तू उभी राहते. अरविंद गुप्तांनीही टाकाऊ वस्तू आणि कागदातून शेकडो खेळणी करून दाखवली. शाळेच्या शिक्षकांनी ती बघावीत.

ही पुडी हळदीकुंकवाच्या वाणालाही चालते. आत कुंकू, वेलदोडे, चार बिया फुलझाडाच्या, काहीही घाला. प्लॅस्टिकच्या डबीपेक्षा बरी, माझं मत स्पष्ट आहे.

एक चूक मी स्वतः केली आहे, ती तुम्ही करू नका. एकदा हौसेनं तिळाचा लाडूच पाकिटात घातला. पोचला तेव्हा भुगा झालेला, आणि तिळाच्या तेलाचा डाग थेट पत्त्यावर. पोस्टमननं तो पत्ता कसा वाचला, त्याचं कौतुकच. तेव्हापासून फक्त हलवा, तोही चार-पाच दाणे, आणि पुडीच्या आत बटरपेपरचा तुकडा.

वजनाचा हिशेब सोपा आहे. अर्ध्या कार्डशीटचं वजन आठ ग्रॅमच्या आत. पाकीट तीन-चार ग्रॅम, पतंग आणि मागचा कागद धरून आणखी दोन-तीन, पुडी आणि दाणे मिळून दोन-तीन. साध्या टपालाची पहिली पायरी वीस ग्रॅमची आहे, त्यात हे सगळं बसतं. आधी घरच्या किंवा सराफाच्या काट्यावर एक नमुना तोलून बघा आणि त्याप्रमाणे तिकीट लावा. पाकीट जाड कागदाचं घ्या आणि पुडी पाकिटाच्या खालच्या कोपऱ्यात ठेवा, तिकिटापासून दूर. शिक्का तिकिटावर बसतो, हलव्यावर बसायला नको.

आणि आत लिहायचं काय? छापील ओळ नको. ज्याला पाठवायचं त्याचं नाव आणि या वर्षातली त्याची एखादी गोष्ट. तुमच्या गाईला कालवड झाली म्हणे. तुझी दहावी कशी चाललीय? संकेश्वरी मिरची या वेळी पाठव, मागच्या वेळची फार छान होती. एवढं पुरे.

संक्रांत १४ जानेवारीच्या सुमारास येते. पाकीट किमान आठ दिवस आधी पेटीत टाका. पत्ता बॉलपेनानं लिहा. स्केचपेन पाण्यानं पसरतं. पिनकोड विसरू नका, आपल्या गडहिंग्लजचा ४१६५०२. आणि पाठवणाऱ्याचा पत्ता मागच्या बाजूला लिहा, म्हणजे समोरच्याला उत्तर पाठवता येईल.