पाप्याच्या घरचा पाहुणा
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

देव आहे की नाही, यावर आपल्याकडे पुष्कळ चर्चा होते. पण देव असेल, तर तो चुकलेल्या माणसाशी कसा वागतो, हा प्रश्न आपल्याला अधिक जवळचा आहे. कारण कोर्टात सिद्ध व्हावा असा गुन्हा सगळ्यांच्याच हातून घडत नाही. मनात सलणारे काहीतरी मात्र प्रत्येकाजवळ असते.

या प्रश्नाला ख्रिस्ती धर्माने दिलेले उत्तर असे: पापी माणसाला वाचवण्यासाठी देव स्वतः माणूस झाला. याला ‘देहधारण’ म्हणतात.

अवताराची कल्पना आपल्याला नवी नाही. सज्जनांचे रक्षण, दुर्जनांचा नाश आणि धर्माची स्थापना ही अवताराची प्रयोजने गीतेने सांगितली आहेत आणि अवतार युगायुगांत होतो, असे म्हटले आहे. देहधारण एकदाच घडले, असे ख्रिस्ती श्रद्धा मानते. आणि येणारा आला तो दुर्जनांना शोधायला, असे सांगते. गोव्यात १५७९ साली आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने हीच कथा मराठी ओवीत बांधली. सुमारे ११ हजार ओव्यांचे त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. परक्या देशातली कथा इथल्या माणसांना पुराणाच्या चालीवर ऐकता आली.

पापी माणसाचा शोध म्हणजे काय, हे लूकच्या शुभवर्तमानातील जक्कयाच्या गोष्टीवरून कळते. जक्कय हा यरीहो गावचा मुख्य जकातदार. रोमन सत्तेसाठी कर वसूल करणारा, त्यातच श्रीमंत झालेला, म्हणून लोकांच्या मनातून उतरलेला. येशू गावातून चालला होता. जक्कय ठेंगणा, गर्दीत दिसेना, म्हणून उंबराच्या झाडावर चढला. येशूने त्याला खाली बोलावले आणि आज मी तुझ्या घरी उतरणार, असे सांगितले. लोक कुरकुरले. जक्कयाने मात्र अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि ज्याला लुबाडले त्याला चौपट परत करण्याचे कबूल केले.

यातला क्रम पाहा. ‘आधी पैसे परत कर, मग येतो,’ असे येशू म्हणाला नाही. पाहुणा आधी आला, पश्चात्ताप मागून आला.

कोणी विचारेल, क्षमाच करायची तर देवाने वरूनच का केली नाही? खाली येण्याची गरज काय? एक साधे उदाहरण घेऊ. कुणी हजार रुपयांचे कर्ज माफ केले, तर ते हजार रुपये जातात कुठे? माफ करणाऱ्याच्याच खिशातून जातात. क्षमा फुकट नसते, तिचा भार कुणीतरी उचलतो. ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे तो भार देवाने मानवी देहात, क्रुसावर उचलला. म्हणूनच तहान, थकवा, मित्राच्या थडग्यापाशी आलेले रडू, हे सारे येशूच्या चरित्रात आहे.

यावर मोठा वादही झाला. अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू एरियस म्हणे, येशू श्रेष्ठ खरा, पण तो देवाने निर्माण केलेला. ३२५ साली निकाया येथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, भरलेल्या धर्मसभेने हे मत नाकारले. अथनेशियस हा या मताचा पुढे आयुष्यभर विरोधक राहिला. वाद वरवर शब्दांचा दिसतो. परंतु आलेला देव नसेल, तर देवाने संकटात दुसऱ्याला पाठवले आणि आपण दूर राहिला, असा अर्थ होतो. पुढे ४५१ साली काल्सेदोन येथील सभेने येशू पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य असल्याचे सांगितले.

ही श्रद्धा मानावी की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण तुरुंगातून सुटून आलेल्या किंवा व्यसनातून उठू पाहणाऱ्या माणसाला आपण काय सांगतो? ‘आधी सुधार, मग दारात ये.’ दार बंद असताना सुधारणे किती कठीण असते, हे त्या माणसालाच ठाऊक. अशा एखाद्याच्या घरी या आठवड्यात आपणच पाहुणे म्हणून जाऊन आलो तर?