गाडी आधी खालून बघावी

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



मी एसटीच्या कार्यशाळेत ३२ वर्षं काढली. मदतनीस म्हणून लागलो, चार्जमन म्हणून निवृत्त झालो. गाडी आगारात शिरताना नुसत्या आवाजावरून तिचं दुखणं सांगतो, अशी माझी ख्याती होती. लोक म्हणायचे आणि हळूहळू मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. आज जी हकीकत सांगणार आहे ती अमेरिकेतल्या एका जुन्या मोटारीची आहे, आणि थोडी माझ्या त्या ख्यातीचीही आहे.

२०१९ च्या सप्टेंबरात मी आणि सौ. मुलीकडे अमेरिकेत गेलो. ओहायो राज्यातलं ॲक्रन हे तिचं गाव. टायरचं गाव म्हणून ते प्रसिद्ध. गुडइयर आणि फायरस्टोन या दोन्ही कंपन्या तिथंच जन्मल्या. जन्मभर ज्यांची नावं टायरच्या कडेवर वाचली, त्यांच्या गावी मी आलो होतो. मुलीनं तिथल्या विद्यापीठात पॉलिमरचं शिक्षण घेतलं आणि तिला पहिली नोकरी लागली ती २७ मैलांवरच्या एका छोट्या गावात. तिथं जाणारी बस नव्हती. एक सहकारी तिला आपल्या गाडीतून नेत असे, पण नोव्हेंबरअखेर तो बदलून जाणार होता. गाडी नाही तर नोकरी नाही, आणि परदेशी विद्यार्थ्याची नोकरी गेली की पुढचे सगळे कागद डळमळतात. शिलकीत होते सहा हजार डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावानं सव्वाचार लाख रुपये. ते तिनं ग्रंथालयात रात्रपाळ्या करून साठवलेले.

मी म्हटलं, "काळजी करू नकोस. तुझा बाप आलाय."

प्रथम प्रश्न आला, कोणती गाडी? सगळे ओळखीचे सांगत होते, जपानी घ्या, डोळे मिटून घ्या. सल्ला चुकीचा नव्हता; पण तो सगळ्यांनाच ठाऊक असल्यामुळे जुन्या जपानी गाडीचा भाव उतरत नाही. तेवढ्याच वयाची, तेवढीच पळालेली अमेरिकी छोटी गाडी आम्हाला हजार-दीड हजार डॉलरनं स्वस्त दिसत होती. सहा हजार खिशात असलेल्या माणसाला हा फरक मोठा आहे. छोटी म्हणजे तिकडच्या हिशेबानं छोटी, तिला ते 'कॉम्पॅक्ट' म्हणतात. आपल्याकडे तिला कोणी छोटी म्हणणार नाही. फोर्डची फोकस, शेवरलेटची कोबाल्ट आणि नंतरची क्रूझ, डॉजची डार्ट, या त्या जातीतल्या.

आता यातली एकही तिथं नवी मिळत नाही. डार्ट २०१६ मध्ये बंद झाली, अमेरिकेतली फोकस २०१८ मध्ये आणि क्रूझ मार्च २०१९ मध्ये. क्रूझ बनायची तो लॉर्ड्सटाउनचा कारखाना ॲक्रनपासून तासाभराच्या आत. आम्ही गेलो तेव्हा तो नुकताच थंडावलेला होता, आणि जनरल मोटर्सच्या कामगारांचा चाळीस दिवसांचा संप रोज टीव्हीवर दिसत होता. मी युनियनमधला माणूस, मला त्या बातम्या पाहताना परकं वाटेना. लोकांना उंच, एसयूव्ही धाटणीच्या गाड्या हव्यात आणि कंपन्यांना त्यातच नफा, म्हणून छोट्या गाड्या गेल्या. तेव्हा कमी पैशात अमेरिकी छोटी गाडी घ्यायची तर ती जुनीच घ्यावी लागते.

पहिली गाडी आम्ही पाहिली ती हमरस्त्यावरच्या एका विक्रेत्याकडे. तिचं नाव सांगत नाही, कारण पुढं जे निघालं तो दोष कंपनीचा नव्हता. चकचकीत निळी गाडी, आठ वर्षांची. मी बॉनेटला हात लावून पाहिला. इंजिन गार होतं. म्हणजे गिऱ्हाईक यायच्या आधी तापवून ठेवलेलं नव्हतं. चालू करायला लावलं. पहिल्या फटक्यात चालू. धूर नाही, खडखड नाही. ऑइलची काडी काढली, ऑइल स्वच्छ. टोपणाखाली पांढरट साय नाही, म्हणजे ऑइलमध्ये पाणी उतरलेलं नाही. फेरी मारली, गिअर मऊ पडत होते. मी मुलीला मराठीत म्हटलं, "घे. इंजिन खणखणीत आहे." विक्रेता ५,६०० म्हणत होता, ५,४०० वर आला.

मुलगी काचेवर चिकटवलेला एक कागद वाचत उभी होती. वापरलेली गाडी विकणाऱ्या विक्रेत्यानं असा कागद लावलाच पाहिजे, असा तिथं केंद्र सरकारचा नियम आहे. वॉरंटी आहे की नाही, त्यावर छापलेलं असतं. या कागदावर 'जशी आहे तशी' या चौकटीत खूण होती. म्हणजे दाराबाहेर पडल्यावर काही झालं तर ते तुमचं. तीन दिवसांत गाडी परत करता येते असा पुष्कळांचा समज असतो; विक्रेत्याच्या जागेवर जाऊन घेतलेल्या गाडीला तो नियम लागू नाही. मुलगी म्हणाली, "बाबा, मी एका मेकॅनिकला १२० डॉलर देऊन ही तपासून घेणार आहे."

श्रोतेहो, मला राग आला. खोटं कशाला सांगू? ३२ वर्षं मी काय केलं मग? १२० डॉलर म्हणजे साडेआठ हजार रुपये, कोणा परक्याला द्यायचे, आणि तेही बाप शेजारी उभा असताना! मी रस्ताभर बोललो नाही. विक्रेत्यानं मात्र गाडी न्यायला हरकत घेतली नाही, तेवढं त्याचं कौतुक.

मेकॅनिक तिशीतला पोरगा होता. त्यानं इंजिनाकडे पाहिलंही नाही. आधी गाडी लिफ्टवर चढवली, खाली गेला, बॅटरी लावली आणि मला खुणेनं बोलावलं. खालून सगळीकडे ताजा काळा रंग मारलेला होता. त्यानं स्क्रूड्रायव्हर घेतला आणि दाराखालच्या पट्टीला टोचला. तो भाकरीत सुरी जावी तसा आत गेला. इंजिन ज्या चौकटीवर बसतं तिचा कोपरा हातानं चुरगळत होता. ब्रेकच्या नळ्यांवर गंजाच्या फुगवट्या आल्या होत्या. तो एवढंच म्हणाला, "ब्रेक जोरात दाबला त्या दिवशी ही नळी फुटणार."

कारण काय, तर मीठ. त्या भागात बर्फ पडला की रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणजे बर्फ वितळतो. क्लीव्हलंड शहरापाशी इरी सरोवराच्या तळाखाली मिठाची मोठी खाण आहे, अठराशे फूट खोल. तिथलं मीठ रस्त्यांवर जातं. ते खारट पाणी चार-पाच महिने गाडीच्या पोटावर उडत राहतं. वरचा रंग शाबूत आणि पोट खाल्लेलं. माझी सगळी नोकरी देशावरच्या आगारांत झाली. कोकणात एक वर्ष काढलं असतं तरी खारं वारं पत्र्याचं काय करतं ते डोक्यात राहिलं असतं. पण खरी गोष्ट त्याहून लाजेची आहे. डॉकिंगला आलेली प्रत्येक एसटी मी पिटमध्ये उतरून खालून पाहिली. आयुष्यभर गाडी खालूनच पाहिली! त्या दिवशी तिथं पिट नव्हतं, जमीन ओली होती, अंगावर नवी पँट होती आणि शेजारी लेक होती. मी वाकलोसुद्धा नाही.

घरी येताना मुलगी एक शब्द बोलली नाही. मीच म्हटलं, "तुझे १२० डॉलर वाया गेले नाहीत." ती म्हणाली, "बाबा, इंजिन चांगलंच होतं, असं तोही म्हणाला." मुलं कधी कधी आपल्यालाच सांभाळून घेतात.

मग आम्ही कामाची वाटणी केली. यंत्र माझं, कागद तिचे. तिकडे जुनी गाडी घेणं हे निम्म्याहून जास्त कागदाचं काम आहे. प्रत्येक गाडीला सतरा अक्षर-अंकांचा एक क्रमांक असतो, पुढच्या काचेखाली दिसतो. तो घालून कंपनीनं दुरुस्तीसाठी गाडी परत बोलावली होती का, हे सरकारी संकेतस्थळावर फुकट कळतं. थोडे पैसे भरले की अपघात, पूर, मालक किती झाले, मीटर कधी किती होता, हेही बरंचसं कळतं. मालकीच्या कागदाला तिथं 'टायटल' म्हणतात. विमा कंपनीनं एकदा मोडीत काढलेली गाडी असेल तर त्यावर तसा शिक्का असतो. अशी गाडी निम्म्या किमतीत मिळाली तरी आमच्यासारख्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये. मुलगी रात्री हे क्रमांक घालून बघायची आणि सकाळी यादीतली नावं खोडायची.

त्यातच तिनं एक गोष्ट शोधली. फोर्ड फोकसचं २०१२ सालचं नवं रूप दिसायला देखणं. पण त्याला दोन क्लचांचा नव्या पद्धतीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवला होता आणि तो हिसके देतो, अशा हजारो तक्रारी झाल्या. कंपनीला वॉरंटी वाढवून द्यावी लागली, खटले चालले. त्याआधीची, २०११ पर्यंतची फोकस दिसायला साधी. दोन लिटरचं इंजिन, पट्ट्याऐवजी टायमिंगची साखळी, चार गिअरचा जुन्या वळणाचा ऑटोमॅटिक. हे मला पटलं. आगारातही नव्या बनावटीची पहिली तुकडी आली की आम्ही कपाळाला हात लावायचो. जुनं, साधं, ज्याचे सुटे भाग कुठल्याही भंगारात मिळतात, ते गरिबाला तारतं.

अशी एक २०११ ची फोकस सापडली. एका निवृत्त शिक्षिकेच्या वारलेल्या बहिणीची. ८८ हजार मैल पळालेली, रात्री गॅरेजात उभी राहणारी. बाईंनी ४,९०० सांगितले. मी ओल्या गवतावर गोणपाट टाकलं आणि पहिल्यांदा गाडीखाली शिरलो. सौ. म्हणाली, "अहो, कंबर!" गंज होता, पण वरवरचा. स्क्रूड्रायव्हर टोचला, पत्र्यानं दाद दिली नाही. त्याच मेकॅनिकला पुन्हा १२० डॉलर दिले आणि या खेपेस मी आनंदानं दिले. त्यानं मागचे ब्रेक बदलायला सांगितले. टायरची नक्षी मोजून तो म्हणाला, टायर ठीक आहेत. तिथं मात्र माझी नोकरी कामाला आली. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ते वाचले तर टायर गाडीबरोबरचेच निघाले, साडेआठ वर्षांचे. नक्षी होती, पण रबर कडक होऊन बारीक तडे गेलेले. बर्फात असं रबर धरत नाही. त्यानं पुन्हा पाहिलं आणि मान हलवली. मुलीनं हे दोन्ही खर्च बाईंना शांतपणे दाखवले आणि सौदा ४,५०० वर तुटला.

बाई तिथल्या तिथं टायटलवर सही करायला निघाल्या. मुलीनं त्यांचा हात धरला. ओहायोत विकणाऱ्याची सही नोटरीसमोर व्हावी लागते, आधी केली तर कागदाचा घोळ होतो. दुसऱ्या दिवशी बँकेतल्या नोटरीसमोर सगळं झालं.

आता हिशेब सांगतो. गाडी ४,५००. विक्रीकर सुमारे ३००. टायटल आणि नंबरप्लेट ८०. दोन तपासण्या २४०. टायर ३८०. ब्रेक २१०. विम्याचा पहिला हप्ता १७०, कारण नव्या चालकाला विमा महाग पडतो. सहा हजारांतले १२० उरले. पहिली गाडी ५,४०० ला घेतली असती, तर कर, कागद आणि विमा भरल्यावर हातात काहीच राहिलं नसतं, आणि फुटायला आलेली ब्रेकची नळी असती. तेव्हा हाती असलेल्या पैशातला पाव भाग तरी गाडीच्या किमतीबाहेर ठेवावा, हे मी आता कोणालाही सांगतो.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बर्फ पडला. मुलगी सकाळी साडेसहाला निघाली. २७ मैल. ती पोचल्याचा फोन येईपर्यंत मी खिडकीत उभा होतो. आम्ही परतल्यावर दर पंधरवड्याला तिचा निरोप यायचा, "बाबा, खालून धुतली." तिकडे गाडीच्या पोटावर पाणी मारणारी धुलाई मिळते; मिठाच्या दिवसांत तेवढा एक खर्च चुकवू नये.

२०२१ मध्ये इलेक्ट्रॉनिक चिपांच्या टंचाईमुळे नव्या गाड्या मिळेनाशा झाल्या आणि जुन्यांचे भाव चढले. २०२२ मध्ये मुलीची बदली झाली, तेव्हा तीन हिवाळे काढलेली ती फोकस ४,२०० डॉलरला गेली. घेणारा नागपूरकडचा, नुकताच शिकायला आलेला मुलगा होता. तिनं त्याला पावत्यांची फाइल दिली, कुठं किती गंज आहे ते दाखवलं. तो संकोचून म्हणाला, "ताई, राग मानू नका, पण मी एका मेकॅनिकला दाखवून घेऊ का?"

मुलगी म्हणाली, "अवश्य. आणि त्याला सांग, आधी खालून बघ."