माणूस ओळखण्याचे शिक्षण

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)



आज मी आपल्याला एका अमेरिकन कादंबरीविषयी चार शब्द सांगणार आहे. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत, जेथे फौंड्रीच्या भट्ट्या आणि पाळीचे भोंगे यांवर घराघराचे वेळापत्रक ठरते, तेथे असल्या परदेशी गोष्टीचे काय काम, असे कुणाच्या मनात येईल. परंतु ही गोष्ट आपल्या दाराशी किती जवळची आहे, हे शेवटी आपणच ठरवावे.

कादंबरीचे नाव 'द अॅडव्हेंचर्स ऑफ हकलबेरी फिन'. लेखक मार्क ट्वेन. ती १८८४ च्या अखेरीस इंग्लंडमध्ये आणि १८८५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाली. गोष्ट मात्र त्याआधीच्या चाळीसेक वर्षांपूर्वीची, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत काळ्या माणसांची खरेदीविक्री होत होती त्या काळातील आहे. हक हा तेरा-चौदा वर्षांचा गोरा मुलगा. आई नाही, बाप दारुडा आणि मारकुटा. मिस वॉटसन नावाच्या एका देवभोळ्या बाईकडून त्याला वळण लावण्याचे काम चाललेले असते. याच बाईंचा जिम नावाचा एक काळा गुलाम आहे. आठशे डॉलरला आपल्याला दूर न्यू ऑर्लीन्सकडे विकणार, हे कानावर पडताच जिम पळून जातो. बापाच्या जाचाला कंटाळून हकही पळालेला असतो. दोघांची गाठ पडते आणि एका तराफ्यावरून मिसिसिपी नदीतून त्यांचा प्रवास सुरू होतो.

या प्रवासात हक वयाने फारसा वाढत नाही. पण मनाने वाढतो. कसा वाढतो, ते पाहण्यासारखे आहे.

एका रात्री दाट धुक्यात दोघांची चुकामूक होते. हक आपल्या होडीतून परत येतो तेव्हा जिम रडून, थकून झोपी गेलेला असतो. हक गंमत म्हणून त्याला पटवितो की, धुके वगैरे काही पडलेच नव्हते, तुला स्वप्न पडले. खरा प्रकार ध्यानी आल्यावर जिम त्याला सुनावतो की, जिवाला जीव देणाऱ्या मित्राला जो खजील करतो तो माणूस केरकचऱ्याच्या लायकीचा. एका गुलामाची क्षमा मागावी की नाही, हे ठरवायला हकला पंधरा मिनिटे लागतात. पण तो क्षमा मागतो. मित्रहो, ती पंधरा मिनिटे म्हणजेच शिक्षण. कोणत्याही शाळेच्या वेळापत्रकात तो तास नसतो.

पुढे एकदा जिम आपल्या चार वर्षांच्या मुलीची आठवण सांगतो. तापातून उठलेली ती पोर सांगितलेले ऐकत नाही म्हणून त्याने तिला मारले होते आणि मग कळले की त्या तापाने ती बहिरी झाली होती. हे सांगताना जिमला रडू आवरत नाही. काळ्या माणसालाही आपल्यासारखीच मुलाबाळांची माया असते, हे हकला तराफ्यावर उमगते. गावात कुणी ते त्याला शिकविले नव्हते.

आणि मग येतो तो कसोटीचा प्रसंग. पळालेल्या गुलामाला मदत करणे ही चोरी आहे, पाप आहे, असेच हकच्या कानीकपाळी ओरडून सांगितलेले असते. तो घाबरतो आणि जिमचा ठावठिकाणा कळविणारे पत्र मिस वॉटसनला लिहितो. लिहून झाल्यावर मन हलके होते. पण त्याला जिमची एकेक गोष्ट आठवू लागते : आपल्याला झोप मिळावी म्हणून आपल्या वाट्याचा पहाराही करणारा जिम, आपण परतलो म्हणून आनंदलेला जिम. शेवटी नरकात जावे लागले तरी चालेल, असे ठरवून हक ते पत्र फाडून टाकतो.

येथे थोडे थांबून विचार करावयास हवा. आपण चांगले काम केले असे हकला वाटतच नाही. आपण पापी ठरलो अशीच त्याची समजूत आहे. त्याच्या गावचे लोक दुष्ट नव्हते. ते प्रार्थना करीत, मुलांना नीतिपाठ देत आणि माणसेही विकत. रूढीलाच धर्म समजले म्हणजे सदाचारी माणसाच्या हातूनही केवढा अन्याय होतो, हे एका अडाणी पोराच्या तोंडून सांगणे हे या कादंबरीचे मोठेपण आहे.

या पुस्तकाबाबत वाद आहेत, हेही पालकांना सांगितले पाहिजे. त्यात काळ्या लोकांसाठीचा एक अपमानकारक शब्द दोनशेहून अधिक वेळा येतो. त्यावरून अमेरिकेतील शाळांत तक्रारी झाल्या. शेवटच्या भागात टॉम सॉयर जिमच्या सुटकेचा जो पोरखेळ मांडतो, तोही अनेकांना खटकतो. या तक्रारी पोकळ नाहीत. म्हणून हे पुस्तक मुलांनी जाणत्या माणसाबरोबर बसून वाचावे आणि त्या शब्दाने कुणाचे मन कसे दुखावते, यावरही बोलावे.

आता अमेरिकेतून आपल्या मुलखात येऊ. जानेवारी १८९६ मध्ये, वयाच्या साठाव्या वर्षी, मार्क ट्वेन मुंबईला आला होता. आगाखान तिसरे, त्या वेळी अवघे अठरा वर्षांचे, त्याला भेटले आणि त्यांनी हक फिनविषयी त्याच्याशी चर्चा केली. याच मुक्कामात हॉटेलातील एका जर्मन गृहस्थाने एका हिंदी नोकराच्या तोंडावर तडाखा दिलेला ट्वेनने पाहिला. नोकराने तो निमूटपणे सोसला. ते पाहताच ट्वेनला आपले बालपण आठवले. तो दहा वर्षांचा असताना, काम जरा वेडेवाकडे झाले म्हणून एका गोऱ्याने गुलामाला लोखंडाच्या खनिजाचा गोळा फेकून मारला होता आणि तासाभरात तो गुलाम मेला होता. मालकाला तसा हक्क आहे हे त्या लहान मुलाला ठाऊक होते. तरी यात काहीतरी चुकते आहे, असेही वाटत होते. काय चुकते ते मात्र सांगता येत नव्हते. हक फिनच्या मनातील झगड्याचे मूळ असल्या अनुभवांत असावे.

परंतु याच ट्वेनने मुंबईत जो नोकर ठेवला त्याचे नाव मूसा होते. ते नाव आपल्याला फारच मवाळ वाटते असे म्हणून ट्वेनने त्याला थट्टेने 'सैतान' म्हणावयास सुरुवात केली. फिरऔनच्या गुलामीतून आपल्या लोकांना सोडविणाऱ्या पैगंबरांचे हे नाव. अमेरिकेतील गुलामदेखील हजरत मूसांच्याच आठवणीने सुटकेची गाणी गात. गुलामांचा कैवार घेणाऱ्या थोर लेखकालाही एका गरीब नोकराचे नाव बदलताना काही वाटले नाही. तेव्हा माणूस ओळखण्याचे शिक्षण एकदा पुरे झाले असे होत नाही. ते रोज घ्यावे लागते.

आपल्याकडे हा धडा कुणी जाणला नव्हता असे नाही. हक फिनच्या आधी अकरा वर्षे, १८७३ मध्ये, महात्मा फुले यांनी आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांची मुक्तता करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला होता. आणि कोल्हापूरकरांना तर फार दूर जावयास नको. सरकारी पागेतील गंगाराम कांबळे यांनी पाण्याला शिवल्याबद्दल मार खाल्ला, तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना भाऊसिंगजी रोडवर चहाचे हॉटेल काढण्यास मदत केली आणि स्वतः तेथे जाऊन चहा घेतला. एका कप चहाने राजाने अख्ख्या शहराला पाठ दिला. मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग उभे राहिले ते याच महाराजांच्या पुढाकाराने. म्हणजे आपण त्या उपकाराचे वारस आहोत आणि वारसाला जबाबदारीही घ्यावी लागते.

आपल्या समाजाविषयी कुणी सरसकट वाईट बोलले की आपल्याला दुःख होते. घर भाड्याने मागताना आडनाव ऐकून नकार मिळाला की मन पोळते. ते योग्यच आहे. पण हाच न्याय आपण दुसऱ्याला देतो काय? या वसाहतीत बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा येथून आलेली किती माणसे भट्टीसमोर घाम गाळतात. आपली मुले त्यांना नावाने ओळखतात की सगळ्यांना एकाच हाकेने हाक मारतात? लग्न ठरविताना आपण बिरादरी आणि रंग पाहत नाही काय? मशिदीच्या एका रांगेत हबशी बिलाल यांचे स्थान आपण अभिमानाने सांगतो. तीच रांग आपल्या ओसरीपर्यंत पोहोचली आहे काय?

पालकहो, मुलांना नीतीची वाक्ये आपण पुष्कळ पाठ करवितो. मिस वॉटसननेही करविली होती. मुले आपली वाक्ये ऐकतात, पण वागणे उचलतात. कचरा नेणाऱ्या बाईला अम्मी कोणत्या पेल्यात पाणी देते, हेल्परशी अब्बा कोणत्या स्वरात बोलतात, हाच त्यांचा खरा पाठ.

आणि विद्यार्थी मित्रांनो, आपण खूप शिका, इंजिनिअर व्हा, याच वसाहतीत कारखाने काढा. कधी तरी चारचौघे सांगतील की अमुक माणसे आपल्या बरोबरीची नव्हेत. त्या वेळी मनात काही खुपले, तर ते दडपू नका. तुमची चूक झाली तर समोरचा कोण आहे हे न पाहता क्षमा मागा. पंधरा मिनिटे लागली तरी चालतील. आणि आजच्या दिवसापुरते एकच काम करा : रोज दिसणाऱ्या, पण ज्याचे नाव तुम्हाला ठाऊक नाही, अशा एका माणसाला त्याचे नाव विचारा आणि उद्यापासून त्याच नावाने त्याला हाक मारा.