हातातील कॅमेरा आणि मनातील नजर



ज्या गुरुजींच्या स्मृतीस अभिवादन करण्यासाठी आपण जमलो आहोत, त्यांच्या छायाचित्रास आताच हार घातला गेला. ते छायाचित्र पुसट आहे. एका सामूहिक चित्रातून तेवढाच चेहरा कापून मोठा केला, म्हणून ते तसे दिसते. गुरुजींच्या अखेरच्या वर्षांत आपणा सर्वांच्या खिशात मोबाईल होते. तरीही त्यांचे एक धड छायाचित्र आपल्यापाशी नसावे, ही खंत आजच्या विषयामागे आहे.

आपल्या आदिलाबादच्या मातीला या बाबतीत एक मोठा वारसा लाभला आहे. 1940 साली कुमराम भीम जोडेघाट येथे हुतात्मा झाल्यानंतर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांना गोंड समाजाच्या अभ्यासासाठी पाचारण केले. ते आणि त्यांच्या पत्नी बेट्टी मारलवाई येथे झोपडीत राहिले. 1943 मध्ये तेथेच गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र सुरू झाले, आणि गोंडी वाचनपुस्तके तयार झाली ती आपल्याच देवनागरी लिपीत. 2016 च्या जिल्हा-पुनर्रचनेपासून ते गाव शेजारच्या कुमराम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आहे. हायमेनडॉर्फ यांनी काढलेली हजारो छायाचित्रे आज लंडनच्या ‘सोआस’ या संस्थेत जतन केलेली आहेत. त्या काळी फिल्म मोजकी असे. म्हणून कळ दाबण्यापूर्वी माणूस ओळखीचा व्हावा लागे. आज चित्रे अगणित झाली; ओळख मात्र कमी झाली.

आता थोडे तंत्राविषयी. सर्वप्रथम मोबाईलचे भिंग मऊ सुती कापडाने पुसावे. खिशातील धूळ आणि बोटांचे तेल यांनीच निम्मी चित्रे धुरकट होतात. दुसरे, वेगळे दूरदर्शी भिंग नसलेल्या मोबाईलमध्ये ‘झूम’ करणे म्हणजे गुरुजींच्या चित्राची झाली तशी कापाकापीच होय. त्यापेक्षा चार पावले पुढे जावे. मात्र चेहऱ्याच्या अगदी जवळ जाऊ नये, अन्यथा नाक मोठे व कान लहान दिसतात.

तिसरी गोष्ट मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. कापसाच्या वेचणीच्या दिवसांत भर दुपारी मी आईचे छायाचित्र काढले. सभोवती फुटलेला पांढराशुभ्र कापूस, वर लखलखीत आभाळ. कॅमेरा सर्व उजेडाची सरासरी काढतो; एवढा शुभ्रपणा पाहून त्याने चित्र काळवंडविले, आणि आईचा सावळा चेहरा अंधारात गेला. पडद्यावर तिच्या चेहऱ्याला बोट लावून उजेड किंचित वाढविला असता, अथवा तिला बांधावरच्या झाडाच्या सावलीत उभे केले असते, तर काम झाले असते. ‘पुढच्या वर्षी काढू,’ असे मी म्हणालो. पुढच्या वेचणीला आई नव्हती.

केसलापूरच्या नागोबा जत्रेत पौष अमावास्येच्या रात्री महापूजा होते. अशा मंद प्रकाशात कॅमेरा अनेक चित्रे टिपून त्यांचे एक चित्र करतो. म्हणून मोबाईल दोन्ही हातांनी धरून, खांबाला टेकून, श्वास क्षणभर रोखावा. परंतु त्याहून महत्त्वाचे हे की, पूजेचे चित्र काढण्यापूर्वी मेस्राम मंडळींची अनुमती घ्यावी. दिवाळीच्या दंडारीतील मोरपिसांचा मुकुट घातलेला गुसाडी हा आपल्यासाठी देखावा असेल. त्याच्या लोकांसाठी त्या दिवसांत तो देवाचा असतो. अनुमती मागणे हाही छायाचित्रणकलेचाच भाग आहे, असे मी मानतो.

शेवटी जतनाविषयी. मोबाईल पाण्यात पडतो, हरवतो, बिघडतो. निवडक चित्रांची प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवावी, आणि निदान दहा चित्रे कागदावर छापून मागे नाव, गाव व तारीख लिहावी. नाव नसलेले चित्र दोन पिढ्यांनंतर परक्याचे होते.

विद्यार्थी मित्रहो, आज घरी गेल्यावर एवढेच करा. घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीला सकाळच्या उन्हात, खिडकीकडे तोंड करून बसवा. आधी दोन गोष्टी विचारा, उत्तर ऐका, आणि मगच कळ दाबा. गुरुजींना वाहिलेली ती खरी आदरांजली ठरेल.