धुळीची गाणी : एका जुन्या गीतसंग्रहाचे पुनःश्रवण
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



संमेलनाच्या या व्यासपीठावर परदेशी गाण्यांचा विषय घेऊन आम्ही उभे राहिलो, याचे काहींना नवल वाटेल. हा विषय का घेतला ते शेवटी आपोआप कळून येईल. तोवर आपण थोडा धीर धरावा, एवढीच विनंती आहे.

अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात ओकीमा या गावी १९१२ साली जन्मलेला वुडी गथ्री हा स्वतःच गाणी रची आणि गिटार घेऊन स्वतःच गाई. त्याची मते डावी होती. एका कम्युनिस्ट पत्रात तो सदरही लिहीत असे. ती मते येथे सर्वांना पटावीत असा आमचा आग्रह नाही. १९४० साली आर.सी.ए. व्हिक्टर कंपनीने त्याचा ‘डस्ट बोल बॅलड्स’ हा संग्रह प्रसिद्ध केला. त्या काळी ‘अल्बम’ म्हणजे खरोखरीच तबकड्या ठेवावयाची जाड पुठ्ठ्याची वही असे. अशा दोन वह्या, प्रत्येकीत तीन तबकड्या. म्हणजे एकंदर बारा बाजू. एका बाजूवर फार थोडी मिनिटे मावत. त्यामुळे ‘टॉम जोड’ हे एकच दीर्घ गाणे दोन बाजूंवर विभागावे लागले आणि दोन गाणी तर वगळावीच लागली. १९५० साली फोकवेज या छोट्या कंपनीने ही गाणी पुन्हा काढली; पुढे १९६४ साली मूळ कंपनीनेच संग्रहाचे पुनःप्रकाशन केले, तेव्हा ती दोन गाणीही आत आली.

या गाण्यांमागील हकीकत अशी. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास गव्हाला भाव आला. तिकडच्या शेतकऱ्यांनी माळरानावरील गवत उखडून लक्षावधी एकर जमीन नांगराखाली आणली. १९३० नंतर पाऊस सरला, आणि माती धरून ठेवणारे गवत उरले नव्हते. १४ एप्रिल १९३५ रोजी धुळीचे असे प्रचंड वादळ उठले की भर दिवसा काळोख झाला. गथ्री त्या वेळी टेक्सासमधील पॅम्पा या गावी होता. जगाचा अंतकाळ आला, या समजुतीने एकमेकांचा निरोप घेणाऱ्या शेजाऱ्यांवर त्याने गाणे रचले; पण त्याची चाल मात्र हसती ठेवली. धुळीने छाती भरलेल्या रोग्याच्या तोंडी घातलेल्या गाण्यातही त्याने विनोद सोडला नाही. कित्येक चाली जुन्या, लोकांच्या ओठांवरच्या. शब्द तेवढे नवे. आपले शाहीर व कीर्तनकार हेच करीत आले आहेत.

महाविद्यालयात असताना एका मित्राच्या घरी आम्ही हा संग्रह प्रथम ऐकला आणि आमचे डोळे पाणावले. यंदा तो पुन्हा ऐकला. सर्वच गाणी सारख्या तोलाची आहेत असे म्हणवत नाही. पूर्वी वगळलेल्या ‘प्रिटी बॉय फ्लॉइड’ या गाण्यात बँका लुटणाऱ्या एका दरोडेखोराला गरिबांचा कैवारी केले आहे. ते आम्हांस पटले नाही. परंतु ‘डो रे मी’ हे गाणे ऐकताना मात्र आम्ही थबकलो. डो-रे-मी हे तिकडचे सारेगम. पण बोलीभाषेत त्याचा अर्थ पैसा असाही होतो. कॅलिफोर्निया म्हणजे स्वर्गच, परंतु गाठीला पैसा नसेल तर आल्या वाटेने परत जा, असा त्या गाण्याचा आशय आहे.

ही कविकल्पना नव्हे. १९३६ साली लॉस एंजेलिसच्या पोलिसप्रमुखाने शंभरावर शिपाई थेट राज्याच्या सीमेवर पाठवून कफल्लक दिसणाऱ्यांना माघारी धाडण्याचा सपाटा लावला होता. निर्धन माणसास राज्यात आणणे हा गुन्हा ठरविणारा तेथील कायदा १९४१ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला.

पहिल्या खेपेस हे गाणे ऐकताना आम्ही मनाने त्या निर्वासितांच्या गाडीत बसलो होतो. या खेपेस आम्ही सीमेवरील शिपायाच्या जागी उभे होतो.

गतवर्षी आपल्या वसतिगृहाच्या प्रवेश-समितीत आम्ही होतो. खेड्यातून एक मुलगा आला. गुण उत्तम होते, शिफारसपत्र होते. अनामत रकमेपुरते पैसे नव्हते. “रक्कम जमली की या,” असे आम्ही त्याला अगदी गोड शब्दांत सांगितले. तो नमस्कार करून गेला, तो पुन्हा आला नाही. नियमाप्रमाणे आमची चूक काहीच नव्हती. पण १९७२ च्या दुष्काळात याच वसतिगृहाच्या ओसरीवर आमचे वडील वळकटी घेऊन उतरले, तेव्हा त्यांच्यापाशी कोणी अनामत मागितली नव्हती. मागितली असती, तर आज हे भाषण करावयास आम्ही येथे नसतो.

बंधुभगिनींनो, अनामतीची अट शिथिल करावी, असा ठराव आम्ही उद्याच्या सर्वसाधारण सभेत मांडणार आहोत. कोशावर भार पडेल, हे आम्ही जाणतो. त्यातील पहिल्या वर्षाचा वाटा आम्ही स्वतः उचलू. एका परक्या गायकाची जुनी तबकडी पुन्हा ऐकून आम्हांस जे उमगले, ते त्या मुलाला परत पाठविण्यापूर्वी उमगले असते तर बरे झाले असते.