गुडघ्यामागची धमनी

मांडी घालून बराच वेळ बसल्यावर पायाला मुंग्या येतात आणि आपण म्हणतो, ‘रक्त अडलं.’ बहुधा रक्त अडलेलं नसतं, चेतातंतू दबलेला असतो. पाय सरळ केला की मुंग्या जातात. रक्तवाहिनीवर होणारा परिणाम मात्र जाणवतच नाही.

मांडीतून उतरणारी मोठी धमनी गुडघ्यामागच्या खळगीतून पोटरीत जाते. गुडघा दुमडला की तीही वाकते, थोडी पिळवटते. तरुणपणी तिला हे सहज झेपतं. वयामुळे, मधुमेहामुळे, तंबाखू-मशेरीमुळे कडक झालेली धमनी मात्र तीव्र कोनात मुडपते. म्हणूनच या जागी स्टेंट बसवायला डॉक्टर सहसा कचरतात. रोजच्या उठाबशीत तो मोडू शकतो.

रक्त जोमाने वाहतं तेव्हा धमनीचं आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड तयार करतं आणि धमनी सैलावते. शरीरातलं या वायूचं काम उलगडणाऱ्यांना १९९८ चं नोबेल मिळालं. प्रवाह मंदावला की हे कामही मंदावतं. अमेरिकेतल्या मिसूरी विद्यापीठात निरोगी तरुणांना तीन तास आडवं झोपवलं, एक पाय दुमडलेला, दुसरा सरळ. दुमडलेल्या पायातल्या धमनीची सैलावण्याची ताकद घटली, सरळ पायातली टिकली. तिथल्याच २०१६ च्या प्रयोगात माणसं तीन तास खुर्चीत बसली. एक पाय मिनिटभर हलवायचा, चार मिनिटं थांबवायचा, पुन्हा हलवायचा. हलत्या पायातली धमनी उलट सुधारली. दोन्ही प्रयोग लहान आहेत, पण मला ते पटतात.

आपल्याकडे बसल्या बसल्या पाय हलवणाऱ्या मुलाला हमखास ओरडा बसतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, हलवू द्या त्याला. आणि एसटीच्या लांबच्या प्रवासात तुम्हीही टाचा वर-खाली करा, थांबा आला की खाली उतरा. जेवायला मांडी घालून बसायला कुणी घाबरू नये. प्रश्न तासन् तास न हलण्याचा आहे.

एक लक्षण मात्र अंगावर काढू नका. चालताना पोटरीत गोळा येतो, उभं राहिलं की जातो, पुन्हा तेवढंच चाललं की पुन्हा येतो, असं होत असेल तर डॉक्टरांना दाखवा. ते दंडाचा आणि घोट्याचा रक्तदाब मोजतील. घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागून उत्तर ०.९ पेक्षा कमी आलं, तर पायाची धमनी अरुंद झालेली असण्याची दाट शक्यता असते. तपासणीत सुई टोचावी लागत नाही.