एक थेंब रक्त आणि परिचारिकेचे मौन

(परिचारिकांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेले भाषण)



लोकांपर्यंत माहिती पोहोचविणे हा माझा व्यवसाय आहे. तरीही कोणती माहिती चारचौघांत जाऊ नये, याविषयी आज मी दोन शब्द बोलणार आहे.

सिकलसेल हा आजार विदर्भाला व नंदुरबारला नवा नाही. हिमोग्लोबिन घडविणाऱ्या जनुकातील एका बदलामुळे तांबड्या रक्तपेशी विळ्याप्रमाणे वाकतात, रक्तवाहिन्यांत अडकतात आणि रुग्णास असह्य वेदना होतात. असा जनुक माता व पिता या दोघांकडूनही आला, तर अपत्यास हा आजार होतो. तो एकाकडूनच आला, तर ते अपत्य केवळ वाहक ठरते व सहसा निरोगी आयुष्य जगते. पती-पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक खेपेस अपत्य रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून सुनेला एकटीला दोष देणे हे शास्त्राला धरून नाही.

जुलै २०२३ मध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट त्यात ठेवण्यात आले. बोटातून रक्ताचा थेंब घेणे सोपे आहे. कठीण आहे ते त्यानंतरचे बोलणे. प्राथमिक विद्राव्यता चाचणीवरून व्यक्ती वाहक आहे की रुग्ण, हे ठरत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिससारखी पुढील तपासणी लागते. तोवर निदान उच्चारू नये.

समजा, एखाद्या आश्रमशाळेत तपासणी झाली आणि सद्‌हेतूनेच वाहक मुलांची नावे वर्गात वाचली गेली. सायंकाळपर्यंत निरोगी मुलगी गावाच्या लेखी रोगी ठरते. पुढे तिचे लग्न मोडते, आणि ज्याचे रक्त कोणी तपासलेच नाही त्या भावाकडेही लोक संशयाने पाहू लागतात. आनुवंशिक माहिती एकाच्या रक्तातून निघते, पण साऱ्या कुटुंबाला चिकटते.

ही भीती काल्पनिक नाही. अमेरिकेत १९७० नंतर काही राज्यांनी ही तपासणी सक्तीची केली. वाहक व रुग्ण यांची गल्लत होऊन अनेक कृष्णवर्णीयांना नोकरी व विमा मिळण्यात अडचणी आल्या. तेथील हवाई दलाच्या अकादमीचे दार वाहकांना १९८१ पर्यंत बंद होते. १९७२ च्या संघीय कायद्याने, अनुदान हवे असल्यास तपासणी ऐच्छिक असावी, अशी अट घातली.

एखादी वाहक तरुणी म्हणेल, "सिस्टर, मुलाकडच्यांना सांगू नका." अशा वेळी काय करावे? माझ्या मते, परस्पर निरोप धाडू नये. दोघांनीही विवाहापूर्वी तपासणी करून घेणे का हिताचे आहे, हे तिला पुन्हापुन्हा, धीराने समजावावे आणि सांगण्यासाठी तिलाच बळ द्यावे. विवाहाचा निर्णय त्या दोघांचा आहे. तो योग्य माहितीच्या आधारे व्हावा, एवढे पाहणे आपले काम.

येथे शिक्षक, सरपंच व अधिकारीही उपस्थित आहेत. त्यांना एक विनंती. परिचारिकेकडे नावांची यादी मागू नका. औषधे व पुढील तपासणी यांची तजवीज करण्यास ग्रामपंचायतीला आकडा पुरेसा आहे. परिचारिकेने नाव राखले, तरच उद्या गाव विश्वासाने बोट पुढे करील.